मातीतला सहस्रपाद आणि पडद्यावरचा : प्रस्तावना

कल्याणीच्या चालुक्यवंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाने आपले मन कसे रमवावे याचा जो विस्तृत तपशील दिला आहे, त्यात हत्ती-घोड्यांचे, कोंबड्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजींचे, श्वानांचे आणि मत्स्यांचे विनोद व फाशांचे खेळ एकाच दप्तरात शेजारी-शेजारी बांधलेले आढळतात. प्राण्याचे निरीक्षण हे शास्त्र आणि प्राण्याशी खेळणे ही करमणूक, असा भेद त्या दरबाराला ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असूनही मान्य नव्हता. ज्याला मासे धरण्याचा विनोद सांगायचा आहे त्याला कोणता मासा कोणत्या आमिषाला भुलतो हे सांगावेच लागते, आणि अशा रीतीने खेळाच्या निमित्ताने प्राणिशास्त्राचा एक अध्याय लिहून होतो. वाघ-बकरीचा पट, त्याचेच कर्नाटकातले भावंड असलेला आडु-हुलीचा पट, आणि लोकपरंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर जमा केलेला मोक्षपट ही त्याच वहिवाटीची पुढली रूपे होत. वाघाने उडी मारून बकरी खावी, बकऱ्यांनी एकजुटीने वाघाला कोंडावे, सापाने गिळावे, हे नियम कोणा कारकुनाने बसून ठरवलेले नाहीत; ते प्राण्याच्या स्वभावावरून उचललेले आहेत.

प्रस्तुत संग्रह या दीर्घ वहिवाटीच्या अगदी अलीकडच्या टोकाशी उभा आहे. बंगळुरात, आणि त्यातही जयनगर व त्याच्या आसपासच्या दक्षिण भागात, स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी हे लेख लिहिले आहेत. त्यांत कीटकांचे हौशी निरीक्षक आहेत, शिक्षक आहेत, आणि व्हिडिओ गेम तयार करण्याच्या धंद्यात ज्यांचे पोट आहे असेही काही आहेत. 1638च्या सुमारास ज्या बंगळुरावर शहाजीराजांचा अंमल बसला, त्या नगरीच्या मराठी दरबाराची हकीकत सांगणारा जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी 1922 साली प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ काव्यापेक्षा राजवाड्यांची प्रस्तावनाच अधिक गाजली. त्या प्रस्तावनेच्या विस्ताराशी स्पर्धा करण्याचा माझा इरादा नाही, आणि सोंड-शेपूट असलेल्या मातबर प्राण्यांना बाजूला सारून पानांखालच्या एका सामान्य जीवाला पुस्तकाच्या मध्यभागी बसवण्याची तजवीज ज्या संपादकांनी केली, त्यांना इतका विस्तार परवडणाराही नाही.

हा जीव म्हणजे सहस्रपाद. कोकणात त्याला पैसा म्हणतात, मराठवाड्यातला शेतकरी वाणी म्हणतो, आणि पुष्कळ शहरी माणसे त्याला गोम समजून चपलेने चिरडतात. गोम आणि सहस्रपाद यांचे नाते दूरच्या भाऊबंदांचे आहे, पण त्यांचे कुळधर्म एकमेकांच्या अगदी उलट आहेत. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, पहिल्या जोडीचे विषारी नांगीत रूपांतर झालेले असते, ती चपळ असते आणि दुसऱ्या जीवांना मारून खाते. तिच्या पायांच्या जोड्या नियमाने विषम असतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय असलेली शतपदी ही केवळ कल्पना होय. सहस्रपादाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, कारण प्रत्येक वलय हे मुळात दोन खंडांच्या मीलनातून झालेले आहे. तो मंद असतो, चावत नाही, आणि कुजणारी पाने हे त्याचे अन्न. त्याला स्पर्श केला की तो पोट आत घेऊन वेटोळे करतो, आणि संकट मोठे वाटले तर अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांतून एक उग्र द्रव सोडतो. गोल अंगाच्या अनेक जातींत त्या द्रवात क्विनोन वर्गातील रसायने असतात व त्यांनी बोटांवर तपकिरी डाग पडतात, तर चपट्या पाठीच्या काही जातींत हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष तयार होते. अंड्यातून बाहेर पडताना त्याला बहुधा पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे प्रत्येक कात टाकताना वलये वाढतात आणि वलयांबरोबर पायही वाढतात. इतक्या पायांची चाल तो कशी सांभाळतो हे पाहण्यासारखे आहे, कारण पाय उचलण्याची लाट त्याच्या शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाते आणि अंग मात्र लाटेवर तरंगल्यासारखे स्थिर पुढे जाते.

सहस्र हा आकडाही फार काळ कविकल्पनाच होता. कॅलिफोर्नियातील एका जातीचे साडेसातशे पाय हा उच्चांक मानला जाई. 2021 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली सुमारे साठ मीटर खोल विंधणातून सापडलेल्या युमिलिपीज पर्सेफोनी या जातीच्या एका मादीचे 1306 पाय मोजले गेले, तेव्हा नाव प्रथमच सार्थ झाले. वंशाचे प्राचीनत्व तर याहून थोर आहे. स्कॉटलंडमध्ये एका हौशी संग्राहकाला सापडलेला, आणि 2004 साली वर्णन झालेला न्यूमोडेस्मसचा जीवाश्म चाळीस कोटी वर्षांहून जुना असून त्यावर हवेत श्वसन करण्याची छिद्रे दिसतात. जमिनीवर श्वास घेणाऱ्या प्राण्यांच्या पहिल्या पुराव्यांत त्याची गणना होते. पुढे कोळशाच्या युगात आर्थ्रोप्ल्यूरा हा त्यांचा आप्त अडीच मीटर लांबीपर्यंत वाढला. पडद्यावरचे अजस्र बहुपाद राक्षस पाहून जे हसतात, त्यांनी हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

या जीवांच्या अभ्यासाचा इतिहास मोठ्या प्रवाहांपासून बराच अलग वाहिला आहे. लिनेयसने 1758 साली आपल्या ग्रंथात यांची नोंद केली, पण ती पंखहीन कीटकांच्या खात्यात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच प्राणिवेत्त्यांनी त्यांना स्वतंत्र घर दिले. हिंदुस्थानात पहिले पद्धतशीर काम संग्रहालयांच्या द्वारे झाले. मद्रासच्या संग्रहालयातून एडगर थर्स्टन यांनी दक्षिणेतले नमुने लंडनला धाडले, आणि तिथल्या आर. आय. पोकॉक यांनी 1892 साली त्यांचा वृत्तांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिला. व्हिएन्नाच्या कार्ल आटेम्स यांनी 1936 साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमसाठी भारतीय सहस्रपादांचा जो ग्रंथ लिहिला त्याचा आधार अजूनही घ्यावा लागतो, आणि 2016 साली गोलोवाच व वेसेनर यांनी केलेल्या यादीत भारतातल्या सुमारे 270 जाती मोजल्या आहेत. जगातील ज्ञात जाती बारा हजारांहून अधिक असता आपल्या एवढ्या मुलखात 270, हा आकडा प्राण्यांच्या विरलतेपेक्षा अभ्यासकांच्या विरलतेचा दाखला आहे. संग्रहालयी वर्गीकरणाचा हा पहिला संप्रदाय. दुसरा संप्रदाय जीवाच्या कार्याकडे पाहतो. मंगळूर विद्यापीठात के. आर. श्रीधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या आर्थ्रोस्फेरा या गोळीसारख्या गोल होणाऱ्या सहस्रपादांवर काम करून पालापाचोळ्याचे खत त्यांच्या पोटातून कसे सिद्ध होते याचा शोध घेतला. तिसरा संप्रदाय वंशवृक्षाचा: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवीण कारंथ व जाह्नवी जोशी यांनी पश्चिम घाटातल्या गोमांच्या वंशावळी जनुकांवरून मांडल्या. ही संस्था जयनगरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, अर्थात वाहतुकीने मेहेरबानी केली तर.

आता पडद्याकडे वळू. व्हिडिओ गेमांतील प्राण्यांचा इतिहास तोमोहिरो निशिकादो यांच्या 1978च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’पासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो रास्तही आहे, कारण त्यातले परग्रहवासी नीट पाहिले तर माखूल, खेकडा आणि अष्टपाद यांच्या आकृतींवर बेतलेले आहेत. परकेपणा दाखवायचा तर समुद्रतळाचे प्राणी उसने घ्यावेत, अशी ती युक्ती. त्यानंतर 1981 साली अटारी कंपनीचा ‘सेंटिपीड’ आला. डोना बेली आणि एड लॉग यांनी रचलेल्या या खेळात कवकांच्या छत्र्यांनी भरलेल्या पटावरून एक गोम नागमोडी वळणे घेत खाली उतरते. छत्री आडवी आली की ती एक ओळ खाली येऊन दिशा बदलते, मधल्या खंडावर गोळी लागली की तिचे दोन तुकडे स्वतंत्रपणे चालू लागतात, आणि ज्या जागी खंड मरतो त्या जागी नवी छत्री उगवते. कोळी, पिसू आणि विंचू हे तिचे साथीदार. बेली या त्या काळी गेम-यंत्रांच्या व्यवसायात क्वचित आढळणाऱ्या स्त्री-प्रोग्रामरांपैकी एक होत्या, आणि हा खेळ स्त्रियांनाही विशेष आवडला ही गोष्ट त्या धंद्याच्या इतिहासात नोंदली गेली आहे. पाठोपाठ 1982 साली लॉग यांचा ‘मिलिपीड’ आला. त्यात मधमाशी, चतुर, डास, भुंगा अशी गर्दी वाढली, आणि पटावर डीडीटीचे बॉम्ब ठेवण्यात आले, ज्यांवर नेम धरला की आसपासचे सर्व जीव एका ढगात नाहीसे होतात. रेचल कार्सन यांचा या विषाविरुद्धचा ग्रंथ 1962 साली निघाला होता आणि अमेरिकेने 1972 साली डीडीटीच्या वापरावर बंदी घातली होती. बंदीला दहा वर्षे उलटल्यावर ते विष खेळाच्या पटावर बक्षिसासारखे मांडले गेले, ही विसंगती त्या वेळी फारशी कोणाला बोचलेली दिसत नाही.

खेळांच्या या पहिल्या संप्रदायात प्राणी म्हणजे वैरी. त्याच सुमारास दुसरा संप्रदाय उदयास आला, ज्यात प्राणी हा नायकाने घातलेला मुखवटा आहे: 1981च्या ‘फ्रॉगर’मधला रस्ता ओलांडणारा बेडूक, 1991चा निळा साळू सॉनिक. या प्राण्यांत प्राणीपण जवळजवळ काहीच नाही, आणि त्यांच्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. तिसरा संप्रदाय संग्राहकांचा, आणि त्याची जन्मकथा बंगळूरकराने ऐकावी अशी आहे. सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोच्या माचिदा या उपनगरात किडे गोळा करण्यात गेले. पुढे तिथली तळी आणि शेते बांधकामाखाली गेली, आणि नव्या मुलांना तो आनंद मिळेना म्हणून 1996 साली त्यांनी ‘पोकेमॉन’ निर्माण केला. त्यात 2010 साली गोमेच्या वळणाचा एक जीव दाखल झाला, जो वाढीच्या मधल्या अवस्थेत चाकासारखा गुंडाळलेला असतो. गोम आणि सहस्रपाद यांच्या गुणांची ही सरमिसळ शास्त्राला मंजूर नसली तरी वेटोळ्याचे निरीक्षण खरे आहे. केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की आठ वर्षांची ब्रिटिश मुले सुमारे 78 टक्के पोकेमॉन ओळखतात, पण आपल्याच देशातले खरे जीव ओळखण्यात त्यांची धाव 53 टक्क्यांवर थांबते. या निष्कर्षाचा उपयोग बहुतेक लोक मुलांना दटावण्यासाठी करतात. मला त्यातून दिसते ते असे की शेकडो जीवांची नावे, खुणा आणि सवयी ध्यानात ठेवण्याची शक्ती मुलांत भरपूर आहे. ती शक्ती कोणाच्या खात्यावर जमा होते, एवढाच प्रश्न आहे.

चौथा संप्रदाय व्यवस्थेचा. विल राइट यांच्या 1991च्या ‘सिमअँट’ने होल्डोब्लर आणि विल्सन यांच्या मुंग्यांवरील महाग्रंथाचा आधार घेऊन वारुळाचा कारभार खेळाडूच्या हाती दिला. 2017च्या ‘रेन वर्ल्ड’मध्ये प्राणी खेळाडूची वाट न पाहता परस्परांची शिकार करतात, आणि त्यात गोमांची एक भयप्रद जमातही आहे. 2018च्या ‘रेड डेड रिडेम्पशन 2’मध्ये सुमारे दोनशे प्रकारचे प्राणी आहेत, आणि तो खेळ खेळलेल्यांना उत्तर अमेरिकेतले खरे प्राणी अधिक ओळखता येतात असे 2021च्या एका अभ्यासात आढळले. त्या प्रचंड कामात रॉकस्टार कंपनीच्या बंगळूर शाखेचाही हात होता, आणि 1997 साली याच नगरात सुरू झालेली, भारतीय गेम-उद्योगाची आद्य संस्था मानली जाणारी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ 2019 साली त्याच कंपनीच्या पदरी गेली. तेव्हा परदेशी पडद्यावरच्या एखाद्या हरणाच्या कातडीची झाक किंवा एखाद्या झाडाची साल या शहरातल्या एखाद्या टेबलावर रंगली असण्याचा संभव आहे, आणि ती रंगवणारा घरी मराठी बोलत असण्याचाही.

इतका फेरफटका मारल्यावर माझे मत स्पष्टपणे मांडणे प्राप्त आहे. गेमांतल्या प्राण्यांची परीक्षा लोक त्यांच्या रूपावरून करतात: पाय किती, रंग बरोबर की चूक. ही परीक्षा मला गौण वाटते. खरी परीक्षा ही की त्या जगात मेलेल्या वस्तूचे काय होते. बहुतेक खेळांत ती क्षणभर लुकलुकते आणि नाहीशी होते. तिचे हाड राहत नाही, पान राहत नाही, वास राहत नाही. ज्या जगात काही कुजत नाही त्या जगात सहस्रपादाला पोटापाण्याचा उद्योगच उरत नाही, आणि मग त्याच्याकडून एकच काम घेता येते, ते म्हणजे गोळी खाण्याचे. तो वैरी झाला तो स्वभावामुळे झालेला नाही, बेकारीमुळे झाला आहे. या दृष्टीने जुना ‘सेंटिपीड’ अनपेक्षित रीतीने सत्याच्या जवळ जातो, कारण त्यात मेलेल्या खंडाच्या जागी कवक उगवते, आणि कवक हे कुजण्याच्या कारभारातले थोर अधिकारी आहे. ‘मिलिपीड’ तर एक पाऊल पुढे जातो: त्यातल्या छत्र्या अधूनमधून जॉन कॉनवे यांच्या 1970च्या जीवन-खेळाच्या नियमांनी, म्हणजे शेजारी किती जिवंत आहेत हे पाहून, आपोआप उगवतात आणि मावळतात. रचनाकारांनी हे निसर्गप्रेमाने केले असे मी म्हणणार नाही. पट भरलेला राहावा एवढाच त्यांचा हेतू असावा. ‘रेड डेड रिडेम्पशन 2’मध्ये मात्र प्रेते हळूहळू सडतात, गिधाडे उतरतात, आणि हे जाणूनबुजून केलेले आहे. सहस्रपादाच्या बाजूने विचार करता गेल्या चाळीस वर्षांतली प्रगती मी याच मापाने मोजतो.

हा प्रश्न केवळ पडद्यापुरता असता तर त्यावर पुस्तक काढण्याचे प्रयोजन नव्हते. जयनगराची आखणी 1948 साली झाली, तेव्हा प्रशस्त रस्ते, उद्याने आणि दुतर्फा वृक्ष हे त्या योजनेचे भूषण होते, आणि त्या वृक्षांची सावली आजही या भागाची मिरास आहे. पण वृक्षांवर प्रेम करणारे हे नगर त्यांच्या गळलेल्या पानांना कचरा समजते. बंगल्यांच्या जागी बहुमजली घरे आली, अंगणांवर फरशी बसली, झाडांची आळी सिमेंटने बुजली, आणि पहाटे झाडून काढलेला पाला पुष्कळदा रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. वळवाच्या पहिल्या सरींनंतर माधवन पार्काच्या कडेने किंवा लालबागेत, जिथे पाने अजून मातीवर पडून राहतात, तिथे सहस्रपाद दिसतात. दोन गल्ल्या सोडून फरसबंद आवारात दिसलाच तर तो वाट चुकून आलेला असतो. पडद्याने जी चूक केली तीच आपण अंगणात करतो आहोत, मेलेली वस्तू तात्काळ नाहीशी झाली पाहिजे हा हुकूम दोन्हीकडे सारखाच चालतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती दडपून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाड्यात खरिपाच्या पेरणीनंतर पाऊस ओढ देतो तेव्हा वाणी उगवत्या सोयाबीनचे आणि कपाशीचे कोवळे कोंब कुरतडतात, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला शेतकऱ्यांसाठी सल्ला काढावा लागतो. ज्याचे शेत दुबार पेरणीला आले त्याला सहस्रपादाच्या थोर सेवेचे पोवाडे ऐकवण्याचा अधिकार शहरातल्या निसर्गप्रेमी गृहस्थाला नाही. संग्रहात या बाजूला मिळालेली जागा मला अपुरी वाटली, आणि कोळ्यांना मिळालेली गरजेपेक्षा जास्त. संपादकांना तसे मी कळवलेही होते, परंतु कोळ्यांचे पुरस्कर्ते बहुसंख्य निघाले.

संग्रहाचा उद्देश मर्यादित आणि म्हणूनच साध्य होण्याजोगा आहे. हा प्राणिशास्त्राचा कोश नव्हे आणि गेमांची जंत्रीही नव्हे. एका बाजूला निरीक्षकाची नोंदवही आणि दुसऱ्या बाजूला रचनाकाराचा आराखडा ठेवून, एकाच जीवाला दोन्हीकडे कोणते नियम लागू होतात याची रुजुवात घालण्याचा हा प्रयत्न आहे. पायांच्या लाटेची आज्ञा संगणकाला कशी द्यावी हे लिहिणाऱ्याला प्रथम खरा सहस्रपाद काचेवर चालवून खालून पाहावा लागला, आणि निरीक्षकाला गेम खेळून पाहिल्यावर आपण आजवर प्राण्याचा आकारच टिपत होतो, त्याचे निर्णय टिपत नव्हतो, हे उमगले. या देवाणघेवाणीत पुस्तकाचे मोल आहे. लेखांची भाषा एकसारखी नाही. काही जाणकारांनी तांत्रिक संज्ञांचा मारा केला आहे, आणि एखाद्याने बालपणीच्या कोकणावर इतके लिहिले आहे की प्राणी सापडायला पाने उलटावी लागतात. परंतु एकाही लेखकाने खेळाला तुच्छ लेखलेले नाही, की निसर्गाला देव्हाऱ्यात बसवलेले नाही, आणि या दोन मोहांतून सुटलेले मराठी लेखन या विषयावर माझ्या वाचनात फार थोडे आले आहे.

वाचकाला एक विनंती करून थांबतो. भारतीय सहस्रपादांची यादी अजून पुरी व्हायची आहे, आणि ती पुरी करण्यास संग्रहालयाची सनद लागत नाही. पावसाळ्यात आपल्या आवारात, शेतात किंवा गावच्या देवराईत जो पैसा अथवा वाणी दिसेल त्याचे पाठीवरून आणि बाजूने असे दोन स्पष्ट फोटो घ्यावेत, स्थळ व तारीख लिहावी आणि आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदवहीत ती नोंद दाखल करावी. घरात गेम खेळणारे मूल असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवावे, कारण खुणा टिपण्यात ते आपल्यापेक्षा तरबेज असते. जीव जागेवरून हलवू नये, आणि हाताळलाच तर हात धुवावेत.

जयनगर, बंगळूर